कधी द्यायचं नाही

ही गोष्ट घडली ती दोन हजार तेवीसच्या दिवाळीपासून चोवीसच्या संक्रांतीपर्यंत. पुण्यात त्या वर्षी थंडी उशिरा आली आणि आली ती घरोघर खोकला घेऊनच आली. आबेदा सिस्टर तेव्हा सदुसष्ट वर्षांच्या होत्या. सरकारी दवाखान्यातून इनचार्ज म्हणून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. गंज पेठेत दोन खोल्यांत त्या एकट्या राहत. गुडघे कुरकुरत असले तरी आठवड्यातले पाच दिवस दुपारी तीन ते पाच त्या मुलींना शिकवत. घरी जाऊन आजारी माणसांचं करणाऱ्या मुलींचा सहा महिन्यांचा तो वर्ग होता.

असल्या वर्गांत आधी शिकवतात ते ताप बघणं, अंग पुसणं, कूस बदलणं. आबेदा सिस्टर मात्र पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहीत, 'कधी द्यायचं नाही'. डेंग्यूची शंका असेल तर अंगदुखीची कुठली गोळी द्यायची नाही. म्हातारं माणूस जेवलं नसेल तर साखरेची गोळी का थांबवायची आणि डॉक्टरांना फोन का करायचा. जुलाबात रक्त दिसलं तर जुलाब बांधणारी गोळी का नको. मुली पाठीमागे त्यांना 'नको-सिस्टर' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, आणि आवडतही असे.

हे वेड त्यांना लागलं एकोणीसशे एकोणऐंशी साली. नोकरी नवी, टोपी कडक इस्त्रीची. लोणी काळभोरचा हिंमतराव नावाचा गुऱ्हाळावरचा माणूस छाती धडधडते म्हणून वॉर्डात भरती झाला होता. डॉक्टरांनी ठोके कमी करणारी गोळी लिहून दिली. ती हातात घेऊन तो म्हणाला, "बाई, मला दम्याचा तरास हाय. चालंल न्हवं?" बावीस वर्षांची आबेदा म्हणाली, "डॉक्टरांनी लिहिलंय ना, घ्या."

तासाभरात त्याची छाती शिट्टी घातल्यासारखी वाजू लागली. ओठ निळे पडले. धाप लागलेल्या माणसाची नाडी धावायला हवी, तर याची नाडी जिना चढणाऱ्या म्हाताऱ्यासारखी एकेक पायरी थांबत चालली होती. तीन दिवस झगडून तो वाचला. थोरात सिस्टर तेव्हा इनचार्ज होत्या, त्यांनी रिपोर्टात गोळी दिली म्हणून स्वतःचं नाव घातलं. आबेदाला त्या एवढंच म्हणाल्या, "त्याने तुला सांगितलं होतं."

त्या वर्षीच्या वर्गात मेहजबीन नावाची मुलगी होती. बावीस वर्षांची, बोलायला कमी, अक्षर मोत्यासारखं. वडील कासिमभाई मिक्सर-इस्त्र्या दुरुस्त करत. मुलीने लोकांच्या घरी जाऊन म्हाताऱ्यांचं करावं हे त्यांना पसंत नव्हतं. आबेदा सिस्टरांच्या शब्दाखातर त्यांनी होकार दिला होता. सप्टेंबरात वर्ग संपल्यावर सिस्टरांनी तिला शनिवार पेठेत खासनीसांकडे लावून दिलं.

खासनीसांचं घर नव्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर होतं. श्यामसुंदर खासनीस एक्क्याऐंशी वर्षांचे, छापखान्यात जन्मभर मुद्रितं तपासलेले. पडून खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन झालं होतं, शिवाय दोन्ही डोळ्यांना काचबिंदू. त्यांच्या पत्नी कुसुम सत्त्याहत्तरच्या. त्यांना चाळिशीपासून दमा होता, पण तो त्यांनी पंपावर आणि जिभेवर ताब्यात ठेवला होता. मुलगा पुष्कर आणि सून वल्लरी बाणेरला राहत आणि रविवारी येत.

कुसुमताईंनी पहिल्याच दिवशी मेहजबीनला सांगून टाकलं की आमच्याकडे एक ते चार आवाज नसतो. ती वेळ विश्रांतीची. त्या वेळात तिने गॅलरीत बसून डबा खावा, नमाज पढावी, पुस्तक वाचावं, पण आतलं दार लावून घ्यावं. मुलीने ते पाळलं. सकाळी आठला येई, दोन वाट्यांत दोघांच्या गोळ्या काढी, आजोबांच्या डोळ्यांत सकाळ-संध्याकाळ थेंब घाली, आणि प्रत्येक गोष्ट वहीत लिही. महिनाभरात कुसुमताई वल्लरीला फोनवर म्हणाल्या, पोरगी बरी आहे, निदान प्रश्न विचारत नाही. त्यांच्या तोंडी ही स्तुती समजायची.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, सोळा नोव्हेंबरला, कुसुमताईंना दम्याचा झटका आला. फटाक्यांच्या धुराचं कारण झालं. दवाखान्यात वाफ देऊन रात्री घरी आणलं. चौदा डिसेंबरला पुन्हा आला, जरा जास्त. तेव्हा थंडीचं कारण झालं. अकरा जानेवारीला मात्र त्या दुपारी साडेचारला स्वयंपाकघराच्या दाराला धरून उभ्या राहिल्या आणि त्यांना शब्द काढता येईना. पंप चालला नाही. मेहजबीनने रुग्णवाहिका बोलावली, स्वतः बरोबर गेली, आणि कुसुमताईंना थेट आयसीयूत घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुष्करचा आबेदा सिस्टरांना फोन आला. आवाज चढलेला नव्हता, आणि तेच वाईट होतं. डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन विचारलं होतं की आईला हृदयाची काही गोळी चालू आहे का. एवढी धाप, आणि नाडी अठ्ठेचाळीस. ठोके कमी करणारी गोळी पोटात गेल्यासारखं दिसतं. आईला तसली गोळी नव्हती. बाबांना होती. आणि दोघांच्या वाट्या भरणारे हात एकाच मुलीचे होते.

"मंगळवारी आईला घरी सोडतायत," पुष्कर म्हणाला. "त्याच दिवशी संध्याकाळी मी चौकीवर तक्रार देणार आहे. तुम्हाला आधी कळवतोय, कारण मुलगी तुमच्या वर्गाची आहे. त्या वर्गाचंही नाव त्यात येईल."

मागून वल्लरीचा आवाज आला. "सिस्टर, आम्हाला कुणाला हर्ट करायचं नाहीये, पण तीनदा झालंय हे. थर्ड टाइम. चौथ्यांदा झालं तर आई राहणार नाहीत."

आबेदा सिस्टरांनी फोन ठेवला. आपली मुलगी असं करणार नाही, हे त्यांच्या मनात यायला हवं होतं. आली ती हिंमतरावाची नाडी, आणि पाठोपाठ, झालं असेल.

दुपारी मेहजबीन वही घेऊन आली. खाली जमिनीवर बसली. चेहरा रडून सुजला होता, पण तिथे ती रडली नाही. दोन्ही पाकिटांतल्या गोळ्या मोजून बरोबर भरतात, तिने वहीत तसं दाखवलं. सिस्टरांनी ते पाहिलं आणि त्यांना अधिकच भीती वाटली. गोळी हरवली तर मोजणीत कळते. यांची त्यांना आणि त्यांची यांना गेली, तर मोजणी दोन्हीकडे बरोबरच येते. आजोबांची ती गोळी आणि आजींची थायरॉइडची गोळी, दोन्ही बारीक, दोन्ही पांढऱ्या.

"वाट्या कधी बदलल्या होत्यास?" सिस्टरांनी वहीवरून नजर न काढता विचारलं.

"नाही, सिस्टर."

"एखाद्या दिवशी घाई असेल. नीट आठव."

"मी नाही दिली."

वहीत सोळा नोव्हेंबरला आजींची नाडी चोपन्न लिहिली होती. चौदा डिसेंबरला बावन्न. मुलगी चोर असती तर हे आकडे लिहून ठेवले नसते, हेही सिस्टरांना दिसत होतं. पण चूक करणारा चोर नसतो. त्या स्वतः तरी कुठे चोर होत्या? तिन्ही झटके गुरुवारी आले होते, बरोबर चार-चार आठवड्यांनी. गुरुवारी काही उपास असतो का, त्यांनी विचारलं. आजी उपासाला हसतात, मेहजबीन म्हणाली. मग दर चार आठवड्यांनी काय होतं त्या घरात? मुलीला सांगता येईना. सिस्टरांनी वहीची पानं उलटसुलट चाळली. औषधं आणली, नखं कापली, चादरी बदलल्या, जुनी बाटली टाकली, नवी काढली, दाढी केली. कुठेच काही नव्हतं.

मुलीला त्यांनी घरी पाठवलं. काळजी करू नकोस, एवढे तीन शब्द त्यांच्या तोंडून निघाले नाहीत.

संध्याकाळी त्यांनी पुष्करला फोन केला. मंगळवारी आईला घरी आणाल तेव्हा मला एक दिवस त्या घरात बसू द्या, त्या म्हणाल्या. वाट्या मी भरीन. कारण सापडलं नाही तर संध्याकाळी मीच तुमच्याबरोबर चौकीवर येईन, आणि मुलीच्या आधी माझं नाव लिहा. पुष्कर म्हणाला, "या. चहाला मात्र घरात कुणी नाही."

सोळा जानेवारी, संक्रांतीचा दुसरा दिवस. अकराला मुलगा-सून कुसुमताईंना घरी सोडून आपापल्या कामाला गेले. सहाला परत यायचे होते. कुसुमताई पाच दिवसांत अर्ध्या झाल्या होत्या, जीभ तेवढी शाबूत होती. आबेदा सिस्टरांना खुर्चीत पाहून त्या म्हणाल्या, "शिष्येला काढलं, म्हणून गुरूला नेमलं वाटतं."

सिस्टरांनी बोटाला ऑक्सिमीटर लावला. ऑक्सिजन शहाण्णव, नाडी अठ्ठ्याहत्तर. घरी येताना बाई ठीक होत्या. म्हणजे जे काही होतं ते याच घरात होतं. त्यांनी परवानगी काढून फळीवरचे डबे पाहिले. काढा, चूर्ण, बाम, मलम. मग सरळच विचारलं, आणखी काय काय घेता?

"पंप, दोन गोळ्या आणि मुलाची बोलणी," कुसुमताई म्हणाल्या. "एवढंच घेते."

सिस्टरांनी जेवायच्या आधी पुन्हा विचारलं, जेवल्यावर पुन्हा. पानाबरोबर चुना? कुणी दिलेली मुळी? पायाला चोळायचं तेल? तिसऱ्यांदा कुसुमताईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. श्यामसुंदरराव पलीकडच्या कॉटवर पडून ऐकत होते. ते म्हणाले, "सिस्टर, ही बाई डोकं दुखलं तरी गोळी घेत नाही. औषध म्हटलं की हिला राग येतो."

एक वाजला. कुसुमताईंनी पंखा बारीक केला आणि सिस्टरांना गॅलरीचं दार दाखवलं. मी बसते इथेच, सिस्टर म्हणाल्या. आमच्याकडे एक ते चार कुणी बसत नाही, कुसुमताई म्हणाल्या. सिस्टर उठल्या. दार लावलं, पण खिडकीचा पडदा बोटभर सरकवून ठेवला. मेहजबीन ज्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसे त्यावर त्या बसल्या, आणि त्यांना प्रथमच लक्षात आलं की सकाळी आठ ते रात्री आठ ही मुलगी त्या घरात होती, पण या तीन तासांत ती काहीच पाहू शकत नव्हती.

पाऊण तास गेला. आत श्यामसुंदरराव घोरू लागले. मग कुसुमताई उठून बसल्या. त्यांनी चष्म्याचं घर उघडलं, आतून बोटाएवढं काही काढलं, मान मागे टाकली. सिस्टरांना ते काय आहे ते दिसलं नाही. हात वर गेलेला दिसला, आणि पुढे काय करायचं ते गुडघ्यांनी न विचारताच केलं. त्या दार ढकलून आत शिरल्या आणि त्यांनी कुसुमताईंचं मनगट धरलं. थेंब डाव्या गालावर पडला.

"हात सोडा," कुसुमताई म्हणाल्या. "औषध नाही ते. थेंब आहेत."

"कुणाचे?"

"ह्यांचे. उरलेले."

"एका डोळ्यात गेला का?"

"उजव्यात गेला. का?"

 सिस्टरांनी कुसुमताईंना मागे टेकवलं आणि उजव्या डोळ्याचा नाकाकडचा कोपरा बोटाने दाबून धरला. डोळ्यातलं औषध तिथल्या बारीक नळीने नाकात आणि तिथून रक्तात उतरतं, एवढं त्यांना नेत्रविभागातल्या दिवसांपासून ठाऊक होतं. थेंब कसले, ते अजून ठाऊक नव्हतं. दुसऱ्या हाताने त्यांनी नाडी धरली आणि कोपरा दाबून ठेवून विचारत राहिल्या.

कुसुमताईंनी सांगितलं ते आधी तोऱ्यातच सांगितलं. बाटली उघडली की चार आठवड्यांत टाकायची असं खोक्यावर छापलेलं असतं. ती पोरगी तारीख बघते आणि कचऱ्याच्या टोपलीत टाकते. आत दहा-बारा थेंब असतात. आपलेही डोळे चुरचुरतात, पाण्याने भरतात. टोपलीतून बाटली उचलायची, पुसायची, आणि दुपारी एकेक थेंब घालून पाच-सहा दिवसांत संपवायची. आठ वर्षं हे चाललंय, कुणाचं काय बिघडलं?

"मी सकाळपासून तीनदा विचारलं तुम्हाला."

"डोळ्यात घातलेलं कुणी औषधात धरतं का?"

आठ वर्षं. सिस्टरांचं धरलेलं बोट क्षणभर सैल झालं. आठ वर्षांत काही झालं नाही, तर दोन महिन्यांत का होईल? मग हेही कारण नव्हे. मग वाट्याच. भिंतीवरच्या घड्याळात दोनला पाच कमी होते.

"ते ते नाहीत," पलीकडून आवाज आला. श्यामसुंदरराव जागे झाले होते. "आठ वर्षं होते ते वेगळे. डोळ्यातला दाब उतरेना म्हणून ऑक्टोबरात डॉक्टरांनी बदलले. सोळा तारखेला पहिली बाटली उघडली. माहितीचा कागद आहे माझ्याकडे."

तो कागद त्यांच्या उशाशी पुठ्ठ्याच्या फाइलमध्ये होता. छापलेला कुठलाही कागद ते टाकत नसत. त्यांनी भिंग घेतलं, बोट ओळीवर ठेवलं आणि इंग्रजी मजकूर वाचून मराठीत सांगू लागले, सावकाश, मुद्रितं तपासल्यासारखं.

"'पुढील व्यक्तींना हे थेंब देऊ नयेत. ज्यांना दमा आहे, अथवा पूर्वी कधी होता.'" ते थांबले.

"पुढे वाचा," सिस्टर म्हणाल्या.

"'ज्यांच्या हृदयाचे ठोके मंद आहेत.' मग, 'हे औषध डोळ्यात घातले तरी रक्तात जाते, आणि याच वर्गातील गोळीमुळे होणारे परिणाम थेंबांमुळेही होऊ शकतात.'"

कागद त्यांच्या मांडीवर पडला. "कुसुम," ते म्हणाले, "हे मी वाचलं होतं. ऑक्टोबरातच वाचलं होतं. म्हटलं, मला काही दमा नाही."

सिस्टरांच्या बोटाखाली नाडी अठ्ठ्याहत्तरची सहासष्ट झाली होती. त्यांनी वही न उघडता तारखा आठवल्या. जुनी बाटली टाकली, तेरा नोव्हेंबर. अकरा डिसेंबर. आठ जानेवारी. मुलीने प्रत्येक वेळी लिहून ठेवलं होतं. झटका दर वेळी तीन दिवसांनी. शुक्रवारी त्या ओळींवरून त्यांची नजर दाढी-नखांवरून फिरावी तशी फिरली होती. जन्मभर फळ्यावर 'कधी द्यायचं नाही' लिहिणाऱ्या बाईने त्या फळ्यावर डोळ्यांचे थेंब एकदाही लिहिले नव्हते.

पण तेव्हा पश्चात्तापाला वेळ नव्हता. आत गेला होता तो एकच थेंब, तोही अर्धामुर्धा अडवलेला, पण छाती अजून सावरलेली नव्हती. कुसुमताईंच्या श्वासाच्या शेवटी बारीक शिट्टी आली. सिस्टरांनी पंप दिला, खांद्याला उशा लावून बसवलं आणि दवाखान्यात फोन करून डॉक्टरांना थेंबांचं नाव वाचून दाखवलं. डॉक्टरांनी नाव पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाले, ऑक्सिजन ब्याण्णवच्या खाली गेला तर क्षणाचाही उशीर न करता घेऊन या, नाहीतर दर दहा मिनिटांनी मला आकडे कळवा.

पंचाण्णव. चौऱ्याण्णव. नाडी साठ. श्यामसुंदररावांना उठता येत नव्हतं, त्यांनी पलीकडच्या कॉटवरून हात लांब केला होता आणि तो मधेच पोकळीत राहिला होता. कुसुमताई एकही शब्द बोलल्या नाहीत, आणि त्या बोलत नाहीत याचीच सिस्टरांना सगळ्यात जास्त धास्ती वाटली. त्र्याण्णव. खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला. सिस्टरांनी रुग्णवाहिकेचा नंबर लावून अंगठा बटणावर ठेवला. त्र्याण्णवच. पुन्हा पंप. नाडी अठ्ठावन्न. मग चौऱ्याण्णव, आणि बऱ्याच वेळाने पंचाण्णव. पावणेचारला शिट्टी गेली.

कुसुमताई पहिलं वाक्य बोलल्या ते असं, "पुष्करला सांगू नका."

सिस्टरांना वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

"सांगा, काहीतरी धुळीचं झालं म्हणून. मी आता पुन्हा ते थेंब घालणार नाही, मेले तरी नाही. तुम्ही कारण शोधलंत, काम झालं. पण सून काय म्हणेल? टोपलीतलं उचलते म्हणेल. या घरात माझ्याकडे बोट दाखवून कुणी हसलेलं मला चालणार नाही."

"तुमचा मुलगा सहा वाजता येतोय तो तक्रारीचा कागद घेऊन," आबेदा सिस्टर म्हणाल्या. "कासिमभाईंची मुलगी बावीस वर्षांची आहे. धुळीचं सांगितलं तर ती चौकीत जाईल. तुमच्याकडे हसतील, कुसुमताई. तिला कुणी दारात उभं करणार नाही."

कुसुमताईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं.  स्वतः पुष्करला सांगायचं हे सिस्टरांनी ठरवलं होतंच, पण त्याला वाटेल की शिक्षिका आपल्या मुलीला वाचवायला म्हातारीवर ढकलते आहे. ते याच बाईच्या तोंडून यायला हवं होतं. सहापर्यंत त्या घरात तिघंही जण घड्याळाचा काटा ऐकत बसले.

पुष्कर आला तेव्हा त्याच्या हातात खरोखरच टाइप केलेला कागद होता, पाठीमागे वल्लरी. त्याने आधी आईकडे पाहिलं, मग सिस्टरांकडे. सिस्टर उठून उभ्या राहिल्या. तेवढ्यात पलंगावरून आवाज आला.

"पुष्कर, तो कागद फाड. तुझ्या बाबांचे उरलेले थेंब मी डोळ्यात घालत होते. त्या मुलीने टाकलेले, मी टोपलीतून उचललेले. ते दम्याला चालत नाहीत. बाबांनी वाचून दाखवलंय. आजही घातला, ही बाई नसती तर तू आता चौकीऐवजी दवाखान्यात निघाला असतास."

"आई, शे-दोनशे रुपयांच्या थेंबांसाठी..."

"रुपयांचं नाही. टाकवत नाही मला. तुला नाही कळायचं ते." मग वल्लरीकडे बघून, "हसायचं असेल तर हसून घे."

वल्लरी हसली नाही. ती खाली वाकून टोपलीत बघत होती, जणू तिथे आणखी काही सापडेल.

पुष्करने कागद फाडला नाही. घडी घालून खिशात ठेवला, आणि सिस्टरांना म्हणाला, तुमचं खरं निघालं. ते ऐकायला मेहजबीन तिथे नव्हती.

दुसऱ्या दिवशी आबेदा सिस्टर स्वतः कासिमभाईंच्या घरी गेल्या. सगळं सांगितलं. कासिमभाईंनी अल्लाचे आभार मानले आणि चहा ठेवायला सांगितला. मेहजबीन ऐकत होती. सांगून झाल्यावर सिस्टरांना एक गोष्ट राहिल्यासारखी वाटली, आणि ती घोटासारखी गिळून टाकणं त्यांना जमेना.

"मला तुझा संशय आला होता," त्या म्हणाल्या.

"मला माहीत होतं, सिस्टर," मेहजबीन म्हणाली. "तुम्ही वहीकडे बघून विचारत होतात. माझ्याकडे नाही."

त्यावर सिस्टरांनी तिला हिंमतरावाची सगळी हकिगत सांगितली. चव्वेचाळीस वर्षांत ती त्यांनी कुणालाही सांगितली नव्हती. मुलीने ऐकून घेतलं. माफ केलं असं म्हणाली नाही, आणि सिस्टरांनीही विचारलं नाही.

श्यामसुंदरराव त्याच वर्षी गणपतीच्या आधी झोपेत गेले. शेवटपर्यंत त्यांना आपण तो कागद वाचून बाजूला ठेवला याचं शल्य होतं. येणाऱ्याजाणाऱ्याला ते औषधाचे कागद मोठ्याने वाचून दाखवत, ऐकणारा कंटाळला तरी. कुसुमताई आता एकोणऐंशीच्या आहेत, शनिवार पेठेतच राहतात, बाणेरला जायला नकार देतात. दम्याचा मोठा झटका पुन्हा आलेला नाही. त्यांनी मेहजबीनला परत बोलावलं होतं, दोनदा फोन करून. तिने दोन्ही वेळा तब्येत विचारली आणि नाही म्हटलं. पुष्करने तिची माफी मागितली नाही. मात्र आईने उभं राहून लिहायला लावलं म्हणून त्याने आबेदा सिस्टरांच्या वर्गाला चार ओळींचं पत्र पाठवलं, त्यात मुलीचा दोष नव्हता असं स्वच्छ लिहिलेलं आहे. वल्लरी ईदला मेहजबीनला फोन करते.

आबेदा सिस्टरांचा वर्ग अजून चालतो, आठवड्यातले तीनच दिवस. फळ्यावरच्या मथळ्याखाली त्या आता पहिला प्रश्न लिहितात तो डोळे, कान, नाक आणि कातडी यांचा. डावा गुडघा बदलायचा आहे, तो त्या पुढे ढकलत आहेत.

मेहजबीन लोणी काळभोरच्या बाजूला एका कॉलेजात नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कासिमभाई तिला पहाटे बसपर्यंत सोडायला जातात आणि वाटेत अजूनही कुरकुरतात. मागच्या महिन्यात तिची वॉर्डातली पहिली ड्यूटी लागली. एका पेशंटची गोळी तिने दिली नाही, डॉक्टरांना जाऊन आधी विचारलं, आणि बोलणी खाल्ली. गोळी द्यायला हरकत नव्हती. हे सांगायला तिने सिस्टरांना फोन केला होता. त्यांनी तिला एवढंच विचारलं, की पुढच्या वेळी पुन्हा विचारशील ना? ती हो म्हणाली.